ल्युअर जवळ टाकायचा की लांब? खाडी, पुळण आणि खडपावर कास्टची लांबी ठरवण्याची पद्धत

खाडीच्या बांधावर ल्युअर (कृत्रिम आमिष) टाकणाऱ्यांचा पहिला कास्ट, म्हणजे पहिली फेक, बहुतेक वेळा एकसारखाच असतो: समोर, पूर्ण ताकदीने, जाईल तितका लांब. दुसरा आणि तिसराही तसाच. मासा मात्र अनेकदा पायापासून चार-पाच मीटरवर, बांधाच्या दगडांना धरून असतो. डोक्यावरून गेलेल्या दोरीने आणि काठावरच्या पावलांनी बिथरून तो निघून जातो. याच्या उलट चूकही होते. पाणी निवळलेलं आहे, क्वीनफिशची झुंड ६० मीटरवर उसळते आहे आणि पेटीत ४० ग्रॅमचा एकही ल्युअर नाही.

हा लेख काठावरून स्पिनिंग रीलने गरवणाऱ्यांसाठी आहे. जागा कोकण-गोव्याच्या, म्हणजे खाडी, पुळण (वाळूचा किनारा), खडप (खडकाळ किनारा) आणि जेट्टी. मासे मुख्यतः जिताडा (मालवण-गोव्याकडचा चोणक), तांबोशी, ट्रेव्हली, क्वीनफिश आणि रावस. इथे २० मीटरच्या आतला कास्ट जवळचा आणि ४० मीटरच्या पुढचा लांब धरला आहे.

कास्ट किती लांब गेला यापेक्षा एकच गोष्ट मोजायची: मासा असण्याची शक्यता असलेल्या पट्ट्यातून ल्युअर किती मीटर पोहतो. ५० मीटरच्या कास्टमध्ये असे कामाचे मीटर दोनच असतील, तर बाकीचे ४८ मीटर तुम्ही नुसती हँडल फिरवताय.

## टप्पा १ : आदल्या दिवशीची तयारी

१. रीलच्या हँडलच्या एका फेरीत किती दोरी येते ते मोजा. मैदानात किंवा गच्चीवर १० मीटर दोरी ओढा आणि ती गुंडाळताना फेऱ्या मोजा. ११ फेऱ्या लागल्या तर एका फेरीला साधारण ९० सेंमी. ३००० ते ४००० आकाराच्या बहुतेक रीलमध्ये हा आकडा ८० ते १०० सेंमीच्या आसपास येतो. यापुढे ‘लांब टाकला’ असं म्हणायचं नाही, ‘४४ फेऱ्या, म्हणजे ४० मीटर’ असं म्हणायचं. कास्ट मोजू लागलं की आपला ‘७० मीटरचा’ कास्ट प्रत्यक्षात ४५ चा निघतो. तो धक्का घरीच बसलेला बरा.

२. ब्रेडवर, म्हणजे रीलवरच्या विणलेल्या दोरीवर, खुणा करा. लीडरच्या (ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला जाड दोरीचा तुकडा) गाठीपासून १५, ३० आणि ४५ मीटरवर पक्क्या शाईच्या मार्करने हातभर लांबीचा पट्टा रंगवा. शाई विटते, त्यामुळे अधूनमधून पुन्हा रंगवावं लागतं.

३. स्पूल (रीलची दोरी गुंडाळायची चकती) तपासा. दोरी स्पूलच्या कडेपासून साधारण २ मिमी खाली हवी. ५-६ मिमी खाली गेली की बाहेर पडताना कडेला घासते आणि लांबी जाते. काठोकाठ भरली तर एकदम तीन-चार वेढे सुटून गुंता होतो. ब्रेड भरताना ओल्या फडक्यात धरून ताणावर भरा. सैल भरलेली ब्रेड पहिल्या जोरदार कास्टलाच आतल्या थरांत रुतते.

४. लीडरची लांबी कास्टनुसार ठेवा. जवळच्या कास्टला ५० ते ६० सेंमी पुरतं. ल्युअर लटकताना गाठ रॉडच्या टोकाजवळच राहते, त्यामुळे कमी जोराच्या फेकीत ती कुठे अडत नाही. लांब कास्टला १ ते १.५ मीटर लीडर ठेवा आणि गाठ एफजी पद्धतीची, बारीक बांधा, कारण ती दर वेळी कड्यांतून सुटणार आहे. जाड गाठ वेगात कड्याला आपटली की एकतर लांबी कमी होते, नाहीतर ल्युअर एकटाच समुद्रात जातो. जिताड्यासाठी लीडर ४० पौंडांचं घ्या. त्याच्या कल्ल्यावरची झाकणं धारदार असतात आणि तोंड कानशीसारखं खरबरीत असतं.

५. ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) काट्यावर लावा. सामान वजन करायचा साधा हुकाचा काटा चालतो. दोरी रॉडच्या कड्यांतून घेऊन, रॉड वाकवून ओढा. ३० पौंडांच्या ब्रेडला मोकळ्या पाण्यात ३ किलोच्या आसपास, मुळं-खांबांजवळ ४ किलोपर्यंत. बोटाने ओढून ‘बरोबर वाटतंय’ हा अंदाज साफ चुकतो.

६. गळाची धार पाहा. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं सरकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर धार काढा किंवा गळ बदला. लांब कास्टला हे अधिक महत्त्वाचं का, ते टप्पा ७ मध्ये येईल.

रॉड दोन असतील तर खाडीसाठी ७ फुटी, १०–३० ग्रॅमचा, पीई १.५ किंवा २ ब्रेडसह (पीई म्हणजे ब्रेडच्या जाडीचा क्रमांक). पुळण आणि खडपासाठी ९ फुटी, २०–६० ग्रॅमचा, ४००० ते ५००० च्या रीलवर पीई २. एकच घ्यायचा असेल तर ८ फुटी, १०–४० ग्रॅमचा घ्या. दहा फुटी रॉड घेऊन तिवरांत शिरणाऱ्याचा निम्मा वेळ फांद्यांतून ल्युअर सोडवण्यात जातो.

> तपासा : पेटीत दोन्ही कामांचे ल्युअर आहेत का? जवळसाठी ९–१२ सेंमीचा तरंगता मिनो (लहान माशाच्या आकाराचा ल्युअर), ७–१४ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन जोडलेल्या गळावर) ४ इंची सॉफ्ट शॅड (मऊ रबरी मासा) आणि गळ झाकलेला एक वीडलेस. लांबसाठी २५–३० ग्रॅमचा सिंकिंग पेन्सिल (बुडणारा, काडीसारखा ल्युअर), ३०–४० ग्रॅमचा मेटल जिग (धातूचा ल्युअर), एक जड पॉपर (पाण्यावर फडफडत पाणी उडवणारा) किंवा टॉपवॉटर (पाण्यावर चालणारी) पेन्सिल.

## टप्पा २ : मैदानावरचा सराव

यात वेळ फार लागत नाही, तरी जवळजवळ सगळेच हा टप्पा गाळतात. गळ काढलेला जुना ल्युअर घ्या. १०, १५ आणि २० मीटरवर घमेली किंवा गोणपाटं ठेवा आणि दहापैकी सात वेळा हातभर अंतरात ल्युअर पडेपर्यंत टाकत राहा. जवळच्या कास्टमध्ये ताकद लागत नाही, थांबवणं लागतं. दोरी सुटत असताना तर्जनी स्पूलच्या कडेजवळ आणून दोरीला हलका स्पर्श करायचा आणि ल्युअर पडायच्या आधीच्या क्षणी बोट पूर्ण टेकवायचं. याने दोन गोष्टी साधतात : ल्युअर धपकन न पडता अलगद उतरतो आणि दोरी सैल राहत नाही.

लांब कास्टचा सराव मोकळ्या मैदानावरच करा. अंदाज चुकला आणि ब्रेड तुटली की ३० ग्रॅमचा ल्युअर दगडासारखा सुटतो.

## टप्पा ३ : काठावर आल्यावर आधी दहा मिनिटं पाहणं

रॉड जोडण्याआधी, पाण्यापासून चार पावलं मागे उभं राहून पाच गोष्टी पाहा.

भरती-ओहोटी. तिथीच्या पाऊणपट हा जुना हिशोब अंदाजाला आजही चालतो. अष्टमीला ८ चे पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पण खाडीत जितकं आत जाल तितका पाण्याचा बदल मुखापेक्षा उशिरा होतो, म्हणून भरतीच्या वेळापत्रकावर आपल्या जागेचा उशीर एकदा नोंदवून ठेवा. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) दिवसांत पाण्याची ओढ जोरात असते आणि मासा आडोशाला चिकटतो, त्यामुळे जवळचे, नेमके कास्ट. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत ओढ मंद असते आणि मासा पसरतो, त्यामुळे जास्त पाणी चाळावं लागतं.

पाण्याचा रंग. पांढरा ल्युअर दोरीने खाली सोडा. ३० सेंमीत दिसेनासा झाला तर पाणी गढूळ. तिथे मासा डोळ्यांपेक्षा कंपनावर येतो, ल्युअर त्याच्या जवळून जायला लागतो, आणि तुम्हीही त्याला सहज दिसत नाही. म्हणजे जवळचा कास्ट. एक मीटरच्या पुढेही दिसत असेल तर अंतर ठेवा.

उजेड. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ हवेत मासा काठाला येतो. उन्ह चढलं की निवळ पाण्यात तो खोल जातो, नाहीतर सावलीत.

वारा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, म्हणजे पाठीमागून. दुपारनंतर खारा वारा समोरून येतो. त्यामुळे पुळणीवरचे लांब कास्ट सकाळी उरकून घ्यावेत. दुपारी समोरच्या वाऱ्यात १५ ग्रॅमचा मिनो रेटत बसण्यात अर्थ नाही.

हालचाल. बोयी पळताहेत का, कोळंबी उडते आहे का, बगळे कुठे टपून बसलेत, पाण्यावर ओढीची रेघ कुठे दिसते.

> सावधान : जवळपास लावलेली जाळी, त्यांचे बोयरे आणि पागणारी माणसं आधी पाहून घ्या. जाळ्यावरून कास्ट जाता कामा नये. खडपावर उभं राहण्याआधी लाटांचे तीन-चार मोठे फेर पाहा. ओला, हिरवा दगड म्हणजे तिथपर्यंत पाणी येतं.

## टप्पा ४ : कामाचे मीटर मोजा आणि निर्णय घ्या

समजा, तुम्ही बांधावर आहात आणि समोर २५ मीटरवर तिवरांची रांग आहे. जिताडा मुळांपासून दीड-दोन मीटरच्या आत असणार. मुळांपाशी नेमका टाकलेला २५ मीटरचा कास्ट कामाचे २ मीटर देतो. आता बांधावरून चालत जाऊन तिवरांच्या कडेलाच उभे राहा आणि रांगेला समांतर २० मीटर टाका. वीसच्या वीस मीटर कामाचे. कास्ट छोटा झाला, काम दहापट झालं.

यातून तीन नियम निघतात.

१. कडेला आडवे उभे असाल तर कास्ट नेमका हवा, लांब नको. ल्युअर कडेपासून चार-पाच मीटर बाहेर आला की उरलेली दोरी भराभर गुंडाळा आणि पुन्हा टाका.

२. कडेला समांतर उभं राहता येत असेल तर लांबी कामाला येते. बांध, जेट्टीची भिंत, वाळूच्या दांड्याची कड, खडपाची सरळ कपार अशा ठिकाणी ३०-४० मीटर सार्थकी लागतात.

३. कडाच नसेल, मासा फिरता असेल, तर लांब. पुळणीचं मोकळं पाणी, खाडीचं मुख, उसळणारी झुंड.

आता वेळेचा हिशोब. सेकंदाला एक फेरी, फेरीला ९० सेंमी धरली तर ५० मीटरचा कास्ट परत यायला ५५ सेकंद. टाकणं-सावरणं धरून ६५. पंधरा मीटरच्या कास्टला सगळं मिळून २५ सेकंद. सुकती (ओहोटी) सुरू होताना वीसच मिनिटं मासा खाण्यावर असेल, तर त्यात लांबचे १८ कास्ट होतात आणि जवळचे ४८. मासा जवळ असताना लांब टाकणं म्हणूनच महाग पडतं.

खोली विसरू नका. ओठ असलेला डायव्हिंग मिनो पडल्या पडल्या खोल जात नाही. परतीच्या साधारण पहिल्या तिसऱ्या भागात तो उतरतो, शेवटच्या तिसऱ्या भागात वर येतो आणि फक्त मधल्या भागात ठरलेल्या खोलीवर पोहतो. ३ मीटर खोलीचा मिनो १५ मीटरवर टाकला तर ती खोली तो गाठतच नाही. खोल मासा आणि जवळचा कास्ट अशी जोडी असेल तर ल्युअर बदला : जिगहेडवरची सॉफ्ट शॅड किंवा सिंकिंग मिनो, पडल्यावर आकडे मोजत खाली सोडायचा. अनेक सिंकिंग मिनो सेकंदाला फूटभर उतरतात. तुमचा किती उतरतो ते उथळ, निवळ पाण्यात एकदा पाहून ठेवा.

उंच काठावर भूमिती वेगळी होते. रॉडचं टोक पाण्यापासून ५ मीटर वर असेल तर १० मीटरवरच्या ल्युअरला दोरी सुमारे २७ अंशांनी वर ओढते, ४० मीटरवरच्याला ७ अंशांनी. म्हणून उंच खडपावरून किंवा पुलावरून तरंगता मिनो जवळ आला की पृष्ठभागावर येऊन उताणा पडतो. तिथे एकतर लांब टाका, नाहीतर जड सिंकिंग ल्युअर वापरून टोक पाण्याकडे झुकवा.

> तपासा : पहिला कास्ट टाकण्याआधी हे वाक्य पूर्ण करता येतंय का? ‘मासा अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर आहे आणि माझा ल्युअर तिथून अमुक मीटर जाईल.’ येत नसेल तर टप्पा ३ पुन्हा.

## टप्पा ५ : कास्टचा क्रम, आतून बाहेर

निर्णय ‘लांब’ असला तरी सुरुवात जवळूनच. लांबच्या माशाला जवळचा कास्ट बिथरवत नाही, जवळच्या माशाला मात्र डोक्यावरून गेलेली दोरी आणि ओढून आणलेला दुसरा मासा दोन्ही बिथरवतात.

१. काठापासून दोन-तीन पावलं मागे उभं राहून, डावीकडे काठाला समांतर १०–१५ मीटर.
२. उजवीकडे तसंच.
३. मग तिरके, दोन्ही बाजूंना, १५–२० मीटर.
४. समोर २०–२५ मीटर.
५. आता काठाशी या आणि ४० च्या पुढचे कास्ट पंख्यासारखे पसरवा. दोन कास्टमध्ये ल्युअर पडण्याच्या जागी ४-५ मीटर अंतर ठेवा.
६. कुठेही पाठलाग, धक्का किंवा भोवरा दिसला की खूण आणि फेऱ्या लक्षात ठेवा. पुढचा कास्ट त्या जागेच्या २-३ मीटर पलीकडे.

शेवटचा ‘पलीकडे’ फार जण विसरतात. ल्युअर माशाच्या डोक्यावर पडता कामा नये, पलीकडून त्याच्या वाटेवर यावा. तिवराच्या मुळांत पलीकडे जागाच नसते. तिथे बाजूने, ओढीच्या वरच्या अंगाला टाका आणि ओढीबरोबर खाली येऊ द्या.

ओढीबद्दल आणखी एक. ओढीच्या विरुद्ध दिशेने टाकलेला लांब कास्ट हा हमखास वाया जाणारा कास्ट आहे. पाणी ल्युअर तुमच्याकडे आणतं, दोरी सैल पडते, ल्युअर पोहत नाही, मासा लागला तरी कळत नाही. वरच्या अंगाला १५ मीटरच्या आत, आडवा २५–३० आणि खालच्या अंगाला हवा तेवढा, असा बेत ठेवा. खालून वर ओढताना मात्र फेऱ्या हळू करा, कारण पाणीच ल्युअरला वेग देत असतं.

एका जागी किती कास्ट? जवळच्या पट्ट्यात एका नेमक्या आडोशाला चार-पाच पुरे, मग ल्युअर बदला किंवा पुढे सरका. फिरत्या माशासाठी मात्र जागा धरून थांबण्यात अर्थ असतो.

## टप्पा ६ : जवळचा कास्ट

रॉडच्या टोकापासून ल्युअर ३०–४० सेंमी खाली ठेवा. फांद्या वर असतील तर बाजूने किंवा खालून, मनगटाच्या झटक्याने टाका, ल्युअर पाण्यापासून मीटरभर उंचीवरूनच जायला हवा. बोटाने दोरी आवरा. ल्युअर टेकताच बेल (स्पूलवरची दोरी अडवणारी तार) हाताने बंद करा आणि पहिली फेरी लगेच घ्या. जिताडा कित्येकदा ल्युअर पडल्यापासून दोन सेकंदांत घेतो आणि त्या वेळी दोरी सैल असेल तर त्याने थुंकलेलंही समजत नाही.

जिथे धक्के शक्य आहेत तिथे हळू चालवा. १५ मीटरचा पट्टा आहे, दोन फेऱ्या आणि एक थांबा असं चाललं तरी लवकर संपतो. पॉपर जवळ येईल तसं टोक खाली करा, नाहीतर तो पाण्याबाहेर उडतो.

शेवटचे तीन मीटर घाईने उपसून काढू नका. मागे आलेला मासा काठापाशीच निर्णय घेतो. लीडर टोकाला येण्याआधी एक क्षण थांबा, ल्युअर काठाला समांतर वळवा, मग उचला.

> सावधान : कास्टला जागा करायला तिवराची फांदी तोडू नका. कांदळवनाची तोड हा गुन्हा आहे, आणि माशाचा आडोसाही तुम्हीच मोडता.

## टप्पा ७ : लांब कास्ट

वजन. रॉडवर १०–३० ग्रॅम लिहिलं असेल तर सर्वांत लांब जातो तो साधारण २०–२५ ग्रॅमचा, आटोपशीर आकाराचा ल्युअर. १२ ग्रॅमला रॉड वाकतच नाही, मग माणूस खांद्याची ताकद लावतो आणि ल्युअर हवेत गिरक्या घेत जवळच पडतो. ३० च्या पुढे रॉडचा जीव धोक्यात.

दोरी. पीई ३ ऐवजी पीई २ घेतली तर जाडी साधारण ०.२८५ मिमीवरून ०.२३५ वर येते. लांबीत फरक जाणवतो. पण खडपावर घासण्याची भीती असेल तिथे हा मोह टाळा.

फेक. मागे कोण आहे ते वळून पाहा. दर वेळी. ल्युअर टोकापासून ६०–८० सेंमी खाली सोडा. ब्रेड बोट कापते, म्हणून तर्जनीवर चिकटपट्टी किंवा बोटमोजा. वेग एकदम न देता वाढवत न्या. वरचा हात ढकलतो, खालचा हात मूठ छातीकडे ओढतो, आणि लांबी खालच्या हातातून येते. मागून वारा असेल तर उंच सोडा, समोरून असेल तर खाली आणि चपटा. समोरच्या वाऱ्यात मिनो काढून मेटल जिग लावा.

पडल्यावर. टेकण्याआधी बोटाने दोरी आवरा, बेल हाताने बंद करा, दोरी एकदा चिमटीत ओढून ताणून घ्या, मगच पहिली फेरी. ब्रेडचे निम्म्याहून अधिक गुंते या चिमटीअभावी होतात. आडव्या वाऱ्यात टोक खाली ठेवा, नाहीतर दोरीला पोट येतं.

चाल. ५० मीटरवर मनगटाचे बारीक झटके ल्युअरपर्यंत पोहोचत नाहीत. ते दोरीच्या पोटात विरतात. लांब असताना मोठे, सावकाश झटके द्या आणि ल्युअर जवळ येईल तसे छोटे करत आणा. टॉपवॉटर पेन्सिल लांबवर नीट चालत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा हेच.

गळ रुतवणं. इथे सर्वाधिक मासे सुटतात. लांबवर धक्का लागला की सवयीने रॉड वर उडवला जातो, आणि त्या दोन मीटरच्या हालचालीतली बरीचशी दोरीचं पोट सरळ करण्यातच खर्ची पडते. योग्य क्रम : आधी दोन-तीन वेगवान फेऱ्या, वजन हातात आलं की रॉड बाजूला लांब ओढायचा, वर नाही, आणि फेऱ्या चालूच. ताकद इतकी कमी पोहोचत असताना गळ बोथट असेल तर काहीच हाती लागणार नाही. मोनो (एकपदरी नायलॉनची) दोरी बरीच ताणते, म्हणून ४० मीटरच्या पुढे ती वापरूच नये.

जवळ याच्या उलट. ८ मीटरवर, न ताणणाऱ्या ब्रेडवर पूर्ण ताकदीचा झटका दिला तर गळ तोंड फाडून बाहेर येतो. तिथे रॉड घट्ट धरून फक्त फेऱ्या चालू ठेवा. मासा स्वतःच वळताना रुतवून घेतो. आणि त्याला पहिल्या दोन मीटरांत आडोशाकडे वळू देऊ नका. जवळच्या लढाईचा निकाल तिथेच लागतो.

लांबवर लागलेल्या माशाला मोकळ्या पाण्यात धावू द्या. बाहेर गेलेली दोरी पाण्यात स्वतःच ओढ निर्माण करते, त्यामुळे मासा दूर जात असताना ड्रॅग आवळायचा नाही. उलट मोठा मासा ८०-१०० मीटर गेला तर किंचित सैल करावा लागतो.

## टप्पा ८ : जागा पाहून

उघाडी. खारजमिनीच्या बांधातली झडप सुकतीला उघडते आणि आतल्या पाण्याबरोबर कोळंबी, बारीक मासळी बाहेर येते. जिताडा फेसाच्या मधोमध नसतो, फेस आणि शांत पाणी यांच्या शिवेवर असतो. कास्ट ८ ते १५ मीटर, फेसात टाकून शिवेवर आणायचा. भर फेसातून पलीकडे ४० मीटर मारणारा माणूस त्या शिवेचा फक्त हातभर भाग वापरतो.

पूल आणि जेट्टी. खांबाच्या ओढीपासून आडोशाच्या बाजूला, सावलीच्या रेषेवर. जवळचे, खोल कास्ट. रात्री दिव्याखाली ल्युअर उजेडातून अंधारात नव्हे, तर अंधाऱ्या कडेने चालवा.

पुळण. पहिली लाट जिथे फुटते तिच्या आणि काठाच्या मध्ये अनेकदा एक चर असतो, पाणी तिथे गडद दिसतं. तो १०–२० मीटरवर असतो आणि पहाटे रावस त्यात येतो. गुडघाभर पाण्यात शिरून टाकणारे नेमके त्या चरात उभे राहतात. आधी कोरड्या वाळूवरून तिरके कास्ट, मग पुढे सरकून बाहेरच्या वाळूच्या दांड्यापलीकडे लांब. दांडा जिथे तुटतो आणि पाणी बाहेर ओढलं जातं ती जागा सर्वांत चांगली, पण तिच्यासमोर पाण्यात उतरू नका.

खाडीचं मुख आणि खडप. क्वीनफिश, ट्रेव्हली फिरते असतात. ४०–६० मीटर, वेगवान चाल. झुंड उसळली तर तिच्या मधोमध टाकू नका. तिच्या जायच्या दिशेला ३-४ मीटर पुढे टाका. सुरमईची शक्यता असेल तर लीडरच्या टोकाला वीतभर वायर. खडपाच्या पायथ्याशी मात्र तांबोशी आणि हेकरू कपारीत असतात, तिथे पुन्हा ५–१० मीटर.

धरण-तळ्यातली मरळ. शेवाळावर बेडूक ल्युअर, नेमका, उघडीपीच्या २ मीटर पलीकडे. लाल पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे टाकू नका, नर-मादी पिल्लं राखत असतात.

## काय बिघडतं आणि कुठे पाहायचं

- मासा पाठलाग करतो, घेत नाही, काठाशी परत फिरतो. तुम्ही दिसताय. दोन पावलं मागे, वाका, कास्ट ५-१० मीटर वाढवा.
- लांबवर धक्के लागतात, मासा रुतत नाही. आधी गळ, मग दोरीचं पोट. वाऱ्याची बाजू बदलून उभे राहा. चालत जाऊन अंतर कमी करता येत असेल तर तेच उत्तम.
- जवळ रुततो, लगेच सुटतो. झटका कमी करा, ड्रॅग काट्यावर पुन्हा पाहा.
- प्रत्येक कास्टला ल्युअर वाळूत घासतो. तुम्ही काठ मोजलाय, खोली नाही. तरंगता मिनो लावा किंवा टोक वर ठेवा.
- लांबी अचानक कमी झाली. कड्यांभोवती दोरीचा वेढा, स्पूलवर रुतलेला थर, किंवा एफजी गाठीचं टोक उसवलेलं, याच क्रमाने पाहा. तिसरं असेल तर तिथेच थांबून गाठ नव्याने बांधा. पुढच्या कास्टला ल्युअर जाणार आहे.
- जिताडा हातात आला. कल्ल्याच्या झाकणाला धरू नका, बोट कापतं. खालचा ओठ ग्रिपने धरा, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. गळ पक्कडीने काढा आणि लीडर पहिल्या वीतभरात बोटांनी चाचपा. खरखरीत लागलं तर तेवढा तुकडा कापून गाठ नवी.